ऑक्टोबर हीट, मुंबई

नैर्ऋत्य मोसमी पाऊस परतू लागल्यापासून साधारणतः नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत मुंबई व उत्तर कोकणात जाणवणारा उष्ण, दमट काळ. पंचांगानुसार तो शरद ऋतूत (आश्विन-कार्तिक) येतो. सांताक्रूझ येथे सप्टेंबरचे सरासरी कमाल तापमान ३१° से.च्या आसपास असते, ऑक्टोबरचे सु. ३४° से., म्हणजे एप्रिल-मेच्या तोडीचे. काही दिवशी पारा ३७° से.वर जातो.

यात सूर्याचा वाटा बेताचाच. १९° उत्तर अक्षांशावरील मुंबईत सूर्य मेच्या मध्यास आणि जुलैच्या अखेरीस माथ्यावर येतो. ऑक्टोबरच्या मध्यास तो भर दुपारीही क्षितिजापासून सु. ६२° वर असतो. ढग विरल्याने ऊन थेट पोहोचते, इतकेच. जमिनीतील ओल हे कारण नेहमी दिले जाते. पण बाष्पीभवनात उष्णता खर्च होते, त्यामुळे ओलीने घाम सुकत नाही हे खरे असले तरी पारा चढण्याचे स्पष्टीकरण तिच्यातून मिळत नाही. ते वाऱ्यात शोधणे अधिक सयुक्तिक. पाऊस परतताना वारे पूर्वेचे होतात आणि सह्याद्री उतरताना दर १०० मी.ला सु. १° से.ने तापतात. खारे वारे सकाळी अकराच्या सुमारास सुरू झाले तर पारा ३२-३३° से.वर अडतो, पूर्वेच्या जोरामुळे ते दुपारी दोनपर्यंत लांबले की तो ३६° से. ओलांडतो. लागोपाठच्या दोन दिवसांत तीन-चार अंशांचा फरक पडतो तो यामुळेच.

वर्गीकरण : मुंबईचे हवामान आर्द्र उपोष्ण म्हणणे बरोबर नाही; ते उत्तर भारताच्या मैदानाचे. मुंबईत जानेवारीचे सरासरी तापमानही १८° से.च्या बरेच वर असल्याने कोपेन पद्धतीत (तापमान व पाऊस यांवरून हवामानाचे गट पाडण्याची पद्धत) ती उष्ण कटिबंधातच मोडते. सॅव्हाना की मोसमी, हा वाद मात्र खरा आहे. सर्वांत कोरड्या महिन्याचा पाऊस (१०० − वार्षिक पाऊस ÷ २५) मिमी.पेक्षा कमी असेल तर सॅव्हाना. मुंबईत तो जवळजवळ शून्य असल्याने वार्षिक २,५०० मिमी. ही सीमा ठरते. कुलाबा तिच्या बरेच खाली राहते. सांताक्रूझ सीमेजवळ असल्याने सरासरीचा कालखंड बदलला की गटही बदलू शकतो. संपूर्ण शहरासाठी सॅव्हाना हाच गट धरणे इष्ट.

पाऊस : सप्टेंबरची सरासरी ३०० मिमी.हून अधिक, ऑक्टोबरची १०० मिमी.च्या आत, पण हा पाऊस बहुधा दोन-चार सायंकाळींतच पडतो. हस्त नक्षत्रात दुपारी कर्जत-बदलापूरकडे गडगडाटी ढग वाढतात आणि पूर्वेच्या वाऱ्याबरोबर संध्याकाळी ठाणे-मुंबईवर येतात. नोंदी वाचताना एक खबरदारी घ्यावी लागते : पावसाचा दिवस सकाळी ८.३० ते ८.३० असा मोजून अखेरच्या तारखेवर टाकतात, म्हणून ८ ऑक्टोबरच्या संध्याकाळची सर ९ तारखेला दिसते. पालघर-रायगडात याच सुमारास हळवे भात कापणीला येते. कापून शेतात पसरलेले भात भिजले की दाणा काळा पडतो, मोड येतात.

मुंबईतून मोसमी पाऊस परतण्याची सर्वसाधारण तारीख २०२०पासून ८ ऑक्टोबर धरली जाते. पूर्वी ती सप्टेंबरअखेरची होती. त्याच वर्षी तो प्रत्यक्षात २८ ऑक्टोबरला परतला.

नोव्हेंबरात रात्री निवतात. सांताक्रूझचे किमान तापमान २०° से.कडे झुकते, समुद्राने वेढलेल्या कुलाब्याचे दोन-तीन अंश जास्त राहते. दुपारचा पारा मात्र ३३° से.च्या आसपासच असतो. यानंतरचा पाऊस क्वचित आणि बहुधा अरबी समुद्रातील चक्रीवादळांचा, उदा., फयान (नोव्हेंबर २००९), ओखी (डिसेंबर २०१७).