व्हिलनसाठी ओरडायचं की व्हिलनवर?

फ्लोरिडातल्या डिस्नेच्या हॉलिवूड स्टुडिओज पार्कमध्ये २७ मे २०२५ ला एक शो सुरू झाला, नाव 'डिस्ने व्हिलन्स: अनफेअरली एव्हर आफ्टर'. यात हिरो नाही, राजकुमारी नाही. '१०१ डाल्मेशियन्स'मधली क्रुएला डी व्हिल, 'पीटर पॅन'मधला कॅप्टन हुक आणि 'स्लीपिंग ब्युटी'मधली मॅलेफिसंट स्टेजवर येऊन आपापलं गाऱ्हाणं मांडतात, जादूचा आरसा पंच असतो, आणि प्रश्न एकच, की या तिघांपैकी सगळ्यात जास्त अन्याय कोणावर झाला. कौल प्रेक्षकांनी द्यायचा, आणि भरलेल्या थिएटरात कौल म्हणजे काय तर टाळ्या, शिट्ट्या, किंचाळणं, ज्याला जे जमेल ते.

फॅन लोकांचे यावरून सरळ दोन तट पडलेत. एक म्हणतो की बास, इतकी वर्षं हे लोक परेडमध्ये मागे नाहीतर हॅलोविनला दोन महिने दिसायचे, आता त्यांना वर्षभराचा स्वतःचा स्टेज मिळाला, तोही जिवंत कलाकारांचा, अजून काय पाहिजे. दुसरा तट म्हणतो की व्हिलनला रडवेलं केलंत तर त्यात व्हिलन उरला कुठे, आम्ही टरकायला आलोय, सहानुभूती वाटायला नाही. माझं मत विचाराल तर मन दुसऱ्या बाजूला झुकतं, पण दोघांच्या डोक्यात नेमकं काय चाललंय यावर बऱ्यापैकी संशोधन झालेलं आहे आणि ते भांडणापेक्षा जास्त मजेशीर आहे.

आधी त्या कौलाचंच बघू, कारण तिथे फिजिक्स फारच गंमत करतं.

समजा थिएटरात ५०० लोक आहेत, २७५ मॅलेफिसंटच्या बाजूने आणि २२५ हुकच्या. मतपेटी असती तर ५० मतांनी निकाल, विषय संपला. पण आवाज डेसिबलमध्ये मोजतात आणि डेसिबल ही लॉगची पट्टी आहे, म्हणजे सगळे सारख्याच जोरात ओरडले असं धरलं तर माणसं दुप्पट झाल्यावर आवाज फक्त ३ डेसिबलनी वाढतो. २७५ आणि २२५ मधला फरक येतो साधारण ०.९ डेसिबल, आणि आपल्या कानाला साधारण १ डेसिबलच्या आतला फरक धड कळतच नाही. म्हणजे ५० लोकांची आघाडी असूनही हॉलमधल्या माणसाला दोन्ही आवाज सारखेच वाटणार. एखादा आवाज 'दुप्पट मोठा' वाटायला जवळपास १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट माणसं! त्यामुळे शो बघून आलेला कोणी छातीठोकपणे सांगत असेल की आमच्या वेळी अमुकने बाजी मारली, तर एक तर खरंच प्रचंड फरक असेल, नाहीतर तो स्वतः त्या ओरडणाऱ्या घोळक्यात बसला असेल, कारण जवळचा आवाज मोठा येतो.

आणि त्यात पोरं. माणसाचा कान साधारण २ ते ५ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात सगळ्यात तिखट असतो, आणि लहान मुलांच्या किंकाळीतली बरीच ताकद तिथेच कुठेतरी असते. म्हणजे चार पोरं किंचाळली की मागच्या रांगेतल्या आठ सभ्य मोठ्या माणसांच्या टाळ्या झाकल्या जातात. लोकशाही वगैरे विसरा.

टाळ्यांचं तर अजून वेगळं आहे. स्वीडनच्या उप्साला विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये विद्यार्थ्यांच्या सादरीकरणानंतरच्या टाळ्यांचे व्हिडिओ तपासले. टाळी वाजवायला सुरुवात करायची का हे मुख्यतः हॉलमधल्या किती जणांनी आधीच सुरुवात केलीय यावर ठरत होतं, आणि सादरीकरण चांगलं होतं की नाही याचा टाळ्या किती वेळ चालतात याच्याशी फारसा संबंध सापडला नाही. थांबायचंही तसंच, दोनचार जण थांबले की बाकीचे हळूहळू गप्प. संसर्गच तो. म्हणजे 'लोकांनी शो डोक्यावर घेतला' असं जेव्हा कोणी सांगतं तेव्हा त्यातला काही भाग खरी आवड आणि काही भाग पहिल्या दोन रांगांतले उत्साही फॅन, ज्यांनी ठिणगी टाकली.

अजून एक उलटा प्रकार. २००० मध्ये 'नेचर'मध्ये पूर्व युरोपातल्या नाट्यगृहांमधल्या टाळ्यांवर एक पेपर आला होता. प्रेक्षक खूष झाले की आपोआप एका ठेक्यात टाळ्या वाजवायला लागतात, पण ठेका जमवण्यासाठी प्रत्येकजण आपला वेग जवळपास निम्मा करतो, आणि टाळ्यांची संख्याच कमी झाल्यामुळे एकूण आवाजाची सरासरी खाली येते. म्हणून मग लोक पुन्हा वेग वाढवतात, ठेका तुटतो, गोंगाट होतो, परत ठेका धरतात. म्हणजे ज्या व्हिलनसाठी हॉल एकजुटीने ठेका धरेल तो आवाजाच्या मीटरवर नुसत्या गोंगाटवाल्याकडून हरू शकतो. मला हे वाचून फारच आवडलं होतं.

आता मूळ भांडण, घाबरायचं की कीव करायची.

२०२० मध्ये रेबेका क्राउस आणि डेरेक रकर यांनी 'सायकॉलॉजिकल सायन्स'मध्ये एक अभ्यास छापला. एका साइटवर लोक स्वतःच्या स्वभावाची प्रश्नावली भरतात आणि आवडत्या पात्रांचे फॅन म्हणून नोंद करतात, तिथला सव्वादोन लाखांहून जास्त लोकांचा डेटा त्यांनी घेतला. लोकांना सरसकट कुठलाही व्हिलन आवडतो असं नाही, स्वतःसारखा असलेला व्हिलन जास्त आवडतो. खऱ्या आयुष्यात आपल्यासारखाच दिसणारा, वागणारा वाईट माणूस भेटला तर आपल्याला उलट जास्त अस्वस्थ वाटतं, पण तो काल्पनिक आहे हे माहीत असलं की ती अस्वस्थता कमी होते आणि आपल्यातलीच काळी बाजू लांबून न्याहाळता येते. आता क्रुएलाचा अहंकार, हुकची जुनी खुन्नस, मॅलेफिसंटला राजकन्येच्या बारशाचं न आलेलं आमंत्रण, हे तिघांचे हट्ट बघितले तर हॉलमधल्या प्रत्येकाला यातला एक तरी ओळखीचा वाटणार. पहिल्या तटाचं म्हणणं इथे पटतं.

दुसऱ्या तटाकडे डॉल्फ झिलमन यांचं संशोधन आहे. गोष्ट बघताना आपण सतत न्यायनिवाडा करत असतो, चांगल्याचं चांगलं व्हावं आणि वाईटाला शिक्षा व्हावी असं वाटतं, आणि तसं झालं की मजा येते. या मजेसाठी व्हिलनचा राग यावा लागतो, चांगला खणखणीत राग. त्याच्या तोंडून आधीच त्याची कर्मकहाणी ऐकली तर शिक्षेतली गंमत पातळ होते. म्हणजे दोन्हीकडे व्हिलनच, पण 'अनफेअरली'सारखा शो मेंदूकडून वकिली करून घेतो आणि डिस्नेचाच जुना, व्हिलनला हरवणारा 'फँटास्मिक'सारखा शो फिर्याद. एकाची तयारी करून आलेला माणूस दुसऱ्यात बसला की बाहेर येऊन तक्रार करणारच ना.

'फँटास्मिक'वरून आठवलं, व्हिलनवाल्या शोबद्दल फॅन्सची सगळ्यात मोठी हळहळ तिथलीच आहे. कॅलिफोर्नियातल्या डिस्नीलँडमध्ये हा शो १९९२ पासून आहे, रात्री, पाण्यावर, मिकीच्या स्वप्नात व्हिलन घुसतात आणि शेवटाकडे मॅलेफिसंटचा ड्रॅगन व्हायचा. २००९ मध्ये तिथे ४५ फुटी यांत्रिक ड्रॅगन आला, सुरुवातीला इतका बिघडायचा की फॅन्सनी त्याचं नाव मर्फी ठेवलं, 'जे बिघडू शकतं ते बिघडतंच' या मर्फीच्या नियमावरून. २२ एप्रिल २०२३ च्या रात्री शो चालू असताना तो पेटला आणि संपला. शो २४ मे २०२४ ला परत आला तो ड्रॅगनशिवाय, आता मॅलेफिसंट स्वतःच मिकीशी लढते. नट आणि नटी जीव तोडून काम करतात, तरी जुने फॅन म्हणतात की आत्माच गेला.

हे नुसतं नॉस्टॅल्जिया म्हणून सोडून देऊ नका. १९९३ मध्ये डॅनियल काहनेमन आणि सहकाऱ्यांनी लोकांना १४ अंश सेल्सिअसच्या पाण्यात ६० सेकंद हात धरायला लावला, आणि आणखी एकदा तेच ६० सेकंद आणि वर अजून ३० सेकंद, ज्यात पाणी हळूहळू १५ अंशांपर्यंत नेऊन किंचित कमी गार केलं. परत कुठलं करशील विचारल्यावर बहुतेकांनी लांबवालं निवडलं, एकूण त्रास जास्त असूनही! आठवण बनते ती मुख्यतः सगळ्यात तीव्र क्षण आणि शेवट यावरून. ड्रॅगन हे दोन्ही एकदमच होता, कळसही तोच आणि शेवटही त्याला खेटूनच. बाकीचा शो अगदी तसाच ठेवला तरी आठवणीतला शो बदलला. ज्यांनी तो कधी बघितलाच नाही त्यांना मात्र नवा शेवट व्यवस्थित आवडतो, आणि या दोन गटांनी एकमेकांना समजावण्यात काही अर्थ नाही.

मॅलेफिसंट दरवेळी भाव खाऊन जाते त्यामागे डोळ्यांचाही हात आहे बहुतेक. उजेडात आपला डोळा ५५५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशाला सगळ्यात संवेदनशील असतो आणि अंधाराला सरावल्यावर ५०७ च्या आसपास, दोन्ही हिरव्याच्या पट्ट्यात, त्यामुळे तेवढ्याच ऊर्जेचा हिरवा प्रकाश, म्हणजे मॅलेफिसंटचाच रंग, जास्त झगझगीत भासतो. मंद उजेडात लाल रंग उलट काळपट पडतो, म्हणजे हुकचा लाल कोट तिथे बिचारा मागेच. शिवाय टोकदार आकार. खाली टोक असलेल्या त्रिकोणाकडे नजर पटकन खेचली जाते आणि तो धोक्याचा वाटतो असं २००७ च्या एका प्रयोगात दिसलंय, आणि मॅलेफिसंटची शिंगं, कॉलर, चेहरा, सगळं तसंच.

जागेचाही परिणाम असणार असं मला वाटतं. 'अनफेअरली'चं थिएटर पार्कमधल्या सनसेट बुलेवार्ड या रस्त्यावर, टॉवर ऑफ टेरर या लिफ्टवाल्या राइडपासून चालत थोड्याच अंतरावर. झिलमन यांचंच अजून एक काम, १९७१ चं, असं सांगतं की एका गोष्टीने वाढलेली धडधड काही मिनिटं शरीरात उरते आणि पुढच्या गोष्टीला चिकटते, मग हसू असो की राग. लिफ्टमधून धाडकन खाली पडून सरळ या शोत घुसलेला आणि तासभर सावलीत बसून आलेला, दोघांचं मत सारखं कसं येणार?

जपानमधलं उदाहरण अजून वेगळं. टोकियो डिस्नेसी पार्कमध्ये २०१५ ते २०१८ हॅलोविनला व्हिलन्सचा जो शो व्हायचा, त्यात व्हिलन्सचे हस्तक म्हणून नाचणारे कलाकार इतके पॉप्युलर झाले की लोक खास त्यांना बघायला यायचे. रॉबर्ट झायोंक यांनी १९६८ मध्ये दाखवलं होतं की नुसतं वारंवार समोर आल्यानेही आवड वाढते, आणि एकच शो पुन्हा पुन्हा बघणाऱ्या फॅनची नजर मुख्य पात्रावरून कधीच पुढे सरकलेली असते, तो कोपऱ्यातल्या माणसाची भुवई बघतो.

आता फ्लोरिडाच्याच मॅजिक किंगडम पार्कमध्ये व्हिलन्सचा अख्खा विभाग येणार असल्याचं ऑगस्ट २०२४ मध्ये जाहीर झालंय, दोन मोठ्या राइड, खाणं, दुकानं. फॅन्सचा पहिला प्रश्न हाच की त्यात जिवंत कलाकारांचा शो असणार का. मला हा प्रश्न रास्त वाटतो, कारण हॉल ओरडायला लागला की ठरलेल्या टायमिंगवर चालणारा पुतळा पुढचं वाक्य बोलून मोकळा होतो, नटी मात्र अर्धा सेकंद थांबते, भुवई उडवते आणि गोंगाट अजून वाढवून घेते.