चुका वाचणारे शिक्षक

समजा, शुद्धलेखनाच्या वहीत एका मुलानं 'सूर्य'चं 'सुयर' केलं, 'शिक्षक'चं 'शकीषक' आणि 'घर'चं 'धर'. एरवी तीन लाल फुल्या आणि खाली 'दहा वेळा लिही' असा शेरा. अध्ययन अक्षमतेचं, म्हणजे हुशार मुलालाही वाचन, लेखन किंवा गणित जड जातं त्या अडचणीचं, प्रशिक्षण नीट घेतलेल्या बाई मात्र या तीन चुका वेगवेगळ्या वाचतील.

'सुयर'मध्ये सगळे आवाज आहेत, क्रम तेवढा उलटलाय. ही देवनागरीची खोड. रफाराचा र बोलताना आधी येतो आणि लिहिताना पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढतो. पहिल्या वेलांटीचं नेमकं उलट: काढायची आधी, उच्चारायची नंतर. 'शकीषक'मध्ये ती वेलांटी एक घर पुढे सरकली, दुसरी झाली आणि जोडाक्षरही फुटलं. घ आणि ध यांचा गोंधळ आकारातल्या साम्याचा. आपल्याकडची प्रशिक्षणं अजून इंग्रजी बी-डीच्या उदाहरणांवर चालतात, ते मला पटत नाही. मराठी शाळेतल्या बाईंना भ-म आणि थ-य हवेत.

डिस्लेक्सियाचं, म्हणजे वाचन-लेखनातल्या अध्ययन अक्षमतेचं, मूळ बहुतेक मुलांत डोळ्यांत नसतं, शब्द आवाजांत फोडण्यात असतं. म्हणून तोंडी खेळ घेतात. 'कमळ'मधला क काढला तर काय उरलं? 'काम'मधला पहिला आवाज बदलून तिथं न घातला तर? दुसरा प्रश्न बराच अवघड, कारण तिथं अक्षराच्याही पोटात शिरावं लागतं.

१८९६ साली प्रिंगल मॉर्गन या इंग्लिश डॉक्टरनं १४ वर्षांच्या पर्सीची नोंद प्रसिद्ध केली. मुलगा हुशार, पण स्वतःच्या नावातली अक्षरंही उलटसुलट करायचा. शिकवणं सगळं तोंडी असतं तर हा शाळेत सर्वांत हुशार ठरला असता, असं त्याच्या मास्तरांचं मत त्या नोंदीत आहे. मास्तरांनी बरोबर हेरलं होतं. पुढे काय करायचं, हे त्यांना सांगणारं कोणी नव्हतं.

आज ते बऱ्यापैकी माहीत आहे. आवाज आणि अक्षर यांची जोडी क्रमानं, उघडपणे, भरपूर उजळणीसह शिकवायची. मूल आपोआप उचलेल, अशी आशा धरायची नाही. वाळूत गिरवणं मुलांना आवडतं. त्याचा वेगळा फायदा किती, यावर मात्र संशोधकांत एकमत नाही.

२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमता आली. तिच्या प्रमाणपत्रासाठीच्या २०१८च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनी तिसरीत किंवा आठव्या वर्षी, जे आधी येईल तेव्हा, प्राथमिक तपासणीचं काम शिक्षकांवर सोपवलं. निदान तज्ज्ञांचं आणि प्रमाणपत्र रुग्णालयाचं. त्यावर परीक्षेत जादा वेळ मिळतो, लेखनिक मिळतो. वाचन मात्र वर्गातच शिकवावं लागतं. बी.एड.ला समावेशक शिक्षणाचा पेपर असतो, पण व्याख्या पाठ करून वही वाचता येत नाही. त्यासाठी मुलांच्या खऱ्या वह्या घेऊन, अनुभवी विशेष शिक्षकाशेजारी बसून, आठवडेच्या आठवडे सराव लागतो. प्रोजेक्टरवरच्या एका दिवसाच्या कार्यशाळेत तो बसत नाही.