कोयतीने हात गेला तर कोकणातल्या शेतमजुराने अर्ज कुठे करायचा?

भातकापणीत विळा लागतो, भाजावळीसाठी (शेत भाजायला) कवळ, म्हणजे झाडांच्या पानाळ फांद्या, तोडताना कोयती निसटते. जखमेवर हळद दाबून माणूस पुन्हा कामाला लागतो आणि पुढचा दावा तिथेच बुडतो. जखम खोल असेल तर त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा. केसपेपरवर नुसतं ‘हाताला जखम’ नको. ‘भातकापणी करताना विळा लागून’ असं तारीख-वेळेसह लिहून घ्या. पोलीस पाटलांनाही लगेच कळवा.

गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना मजुरासाठी नाही, असं सर्रास सांगितलं जातं. ते अर्धंच खरं आहे. अट सातबाऱ्याची आहे, आणि कोकणात दुसऱ्याच्या बागेत राबणाऱ्या कित्येकांचं नाव आजोबांच्या चार गुंठ्यांवर वीस-पंचवीस सहहिस्सेदारांत कुठेतरी असतं. आधी उतारा काढून बघा. वारस नोंद राहिली असेल तर तलाठ्याकडे आजच अर्ज द्या, अपघाताची वाट बघू नका. खातेदार आणि त्याच्या कुटुंबातली सातबाऱ्यावर नाव नसलेली एक व्यक्ती, वय १० ते ७५, पात्र ठरतात. मृत्यू झाल्यास किंवा दोन अवयव निकामी झाल्यास २ लाख, एक हात, पाय किंवा डोळा गेल्यास १ लाख मिळतात. अर्ज ३० दिवसांत तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे. सोबत सातबारा, आधार, वयाचा पुरावा, पंचनामा किंवा पोलीस पाटलांचा अहवाल आणि अपंगत्वाचा दाखला जोडा. मृत्यू असेल तर मृत्यूचा दाखला आणि वारसांसाठी गाव नमुना ६-क (वारस नोंदीचा उतारा) लागतो.

सातबारा नाहीच, तर प्रधानमंत्री सुरक्षा विमा. वर्षाला २० रुपये, वय १८ ते ७०, बँकेत खातं हवं. रक्कम तीच, २ लाख किंवा १ लाख. दावा ज्या शाखेत खातं आहे तिथेच, शक्यतो ३० दिवसांत. अपंगत्वाला जिल्हा शल्यचिकित्सकांचा दाखला लागतो.

मात्र एखादं बोट तुटलं तर या विम्यातून काही मिळत नाही, आणि कोयतीच्या जखमा बहुतेक बोटांवरच असतात. ही मोठी उणीव आहे. शस्त्रक्रिया करायची असेल तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनीसाला, भेटा. माडावर चढणाऱ्या पाडेल्यांनी नारळ विकास मंडळाच्या केरा सुरक्षा विम्याची चौकशी जरूर करावी.

प्रधानमंत्री सुरक्षा विम्याचं वर्ष ३१ मेला संपतं. त्याआधी खात्यात २० रुपये आहेत ना, पासबुक भरून बघा.