हिब्रू सणांच्या नावांची इंग्रजी स्पेलिंग्ज

ज्यू सणांची नावं मुळात हिब्रू लिपीत लिहिली जातात आणि ती रोमन अक्षरांत उतरवताना एकाच सणाची पाच-दहा स्पेलिंग्ज तयार होतात, त्याबद्दलची ही नोंद. बघणाऱ्याला वाटतं की कुणीतरी चुकतंय, पण बहुतेक वेळा तसं नसतं, ज्याने त्याने आपल्या घरातला उच्चार लिहिलेला असतो.

सगळ्यात गाजलेलं उदाहरण हनुक्का. हिब्रूत अक्षरं पाचच: खेत, नून, वाव, काफ, हे. पहिलं अक्षर खेत, त्याचा घशातून घासून येणारा आवाज इंग्रजीत नाहीच, म्हणून कुणी नुसता एच लिहितो तर कुणी जर्मन धर्तीवर सी-एच. सी-एच लिहिलं की नवखा माणूस 'चनुका' वाचतो, एच लिहिलं की घशातला आवाज जातो, म्हणजे दोन्हीकडे थोडं नुकसान आहेच. मधल्या काफमध्ये एक टिंब असतं, त्याला दागेश म्हणतात, जुन्या व्याकरणाप्रमाणे तिथे क दुप्पट होतो म्हणून दोन के. आजच्या इस्रायलमध्ये बोलताना हे द्वित्त ऐकू येत नाही म्हणून बरेच जण एकच के लिहितात. शेवटचा 'हे' मुका, तरी हिब्रूत दिसतो म्हणून शेवटी एच लावायचा की नाही हा आणखी एक प्रश्न. आणि काही लोक एन पण दोनदा लिहितात, त्याला मात्र हिब्रूत काही आधार नाही. आता हे चार पर्याय एकमेकांशी जुळवले तर नुसत्या गणितानेच 16 स्पेलिंग्ज होतात. अमेरिकेत 1996 साली निघालेल्या पोस्टाच्या तिकिटावर सुरुवातीला एच, मध्ये दोन के आणि शेवटी एच आहे, आणि आज सगळ्यात जास्त चालतं तेही हेच.

दुसरा मोठा घोळ ताव या अक्षराचा. टिंब नसलेला ताव पूर्व आणि मध्य युरोपातले अश्केनाझी ज्यू 'स' म्हणतात, स्पेन-पोर्तुगालकडून आलेल्या ज्यूंच्या सेफार्दी परंपरेत तो 'त' आहे आणि आधुनिक इस्रायली हिब्रूने तोच उचलला. त्यामुळे सुक्कोत आणि सुक्कोस, शावुओत आणि शावुओस, सिमखत तोरा आणि सिमखस तोरा, या जोड्या. जुन्या इंग्रजी पुस्तकांत शेवटी टी-एच दिसतो. येमेनी ज्यूंच्या उच्चारात तो आवाज अजून जिवंत आहे, म्हणून त्यालाही चूक म्हणता येत नाही. इस्रायल 1948 ला झाल्यावर अमेरिकेतल्या अनेक सिनेगॉग्जनी (ज्यूंची प्रार्थनास्थळं) हळूहळू 'त' स्वीकारला, पण ऑर्थोडॉक्स घरांत 'स' टिकून आहे, तिथे शेवटचा एस बदलून टी करणं म्हणजे आजी-आजोबांची बोली खोडण्यासारखं आहे आणि संपादकांनी ते करू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

हिब्रूत कॅपिटल अक्षरं नसतात, आणि 'हा' (इंग्रजीतला द), 'बे' (मराठीतलं 'मध्ये') असे छोटे शब्द पुढच्या शब्दालाच चिकटतात. म्हणून रोश हशाना लिहिताना मधला एस कॅपिटल करायचा, डॅश द्यायचा की सगळं सलग, तिन्ही चालतं. तिशा बआव आणि तू बिश्वात मध्ये बी नंतर अपॉस्ट्रॉफी देतात. यातलं 'तू' तर शब्दच नाही, हिब्रूत अक्षरं आकड्यांसाठीही वापरतात, तेत म्हणजे 9 आणि वाव म्हणजे 6, मिळून शेवात महिन्याची 15 तारीख. 10 अधिक 5 असं लिहिलं तर देवाच्या नावातली अक्षरं येतात म्हणून ते टाळतात. लाग बाओमेर मधलं 'लाग' पण असंच, 30 आणि 3.

यावर नियम आहेत. इस्रायलच्या हिब्रू भाषा अकादमीने 1950 च्या दशकात लिप्यंतराचे नियम केले, 2006 मध्ये ते सोपे केले, पण ते मुख्यतः इस्रायलमधल्या पाट्या, नकाशे यांच्यासाठी, सणाचं ग्रीटिंग कार्ड लिहिणारा कोण ते उघडून बसतो! काही नावं तर इंग्रजीत वेगळ्याच वाटेने आली: पेसाखला पासोव्हर हा शब्द 16 व्या शतकात विल्यम टिंडेलच्या बायबल भाषांतरातून मिळाला, आणि शब्बात (आठवड्याचा विश्रांतीचा दिवस) ग्रीकमधून येताना सॅबथ झाला, कारण ग्रीकमध्ये 'श' नाही.

कोकणातल्या बेने इस्राएल या ज्यू समाजाच्या लोकांनी हा प्रश्नच वेगळ्या तऱ्हेने सोडवला होता, त्यांनी सणांना मराठी नावं दिली. रोश हशाना म्हणजे नव्याचा सण, पुरीम म्हणजे होळीचा सण, तिशा बआव म्हणजे बिरड्याचा सण, कारण उपास सोडताना वालाचं बिरडं असायचं. हिब्रू नावं रोमनमध्ये लिहायची वेळ आली तेव्हा खेतसाठी सरळ एच वापरला. मुंबईत 1796 साली उभ्या राहिलेल्या शआर हराहमीम सिनेगॉगच्या नावात तो दिसतो. मराठीत लिहिताना खेतसाठी ख घ्यायचा की ह, हा वाद आपल्याकडेही उरतोच, कारण आपला ख घासून येत नाही आणि नुक्ता मराठीत रुळलेला नाही. पेसाख आणि हनुक्का असं मिश्रण सध्या जास्त दिसतं, जरी दोन्हीकडे अक्षर एकच आहे.