प्रकल्पातील जेआरएफ: अर्ज नेमका कुठे अडतो

जेआरएफ म्हणजे ज्युनियर रिसर्च फेलो, दरमहा विद्यावेतनावर संशोधन करणारा; त्या फेलोशिपलाही जेआरएफच म्हणतात. विद्यापीठाच्या संकेतस्थळावर एखाद्या संशोधन प्रकल्पासाठी ‘जेआरएफ पाहिजे’ अशी जाहिरात आली की बरीच मुले ती नेट-जेआरएफसारखीच समजतात. नेट-जेआरएफ ही नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून मिळते आणि तुमच्या नावावर असते. प्रकल्पातली जेआरएफ ही त्या प्रकल्पाची जागा. पैसा डीएसटी (केंद्राचा विज्ञान व तंत्रज्ञान विभाग), अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन अशा संस्थेचा, निवड विद्यापीठाच्या समितीची, आणि प्रकल्प संपला की जागाही संपली. पीएच.डी.चा प्रवेश तिच्यासोबत आपोआप मिळत नाही. पेट (विद्यापीठाची पीएच.डी. प्रवेश परीक्षा) आणि नोंदणी वेगळी. जेआरएफचा केंद्राचा दर १ जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये आहे, एसआरएफला (सीनियर रिसर्च फेलो, जेआरएफच्या वरची पायरी) ४२,०००, घरभाडे भत्ता निराळा. तरी जाहिरातीत छापलेला आकडाच धरून चाला.

अर्ज साधा असतो: बायोडेटा, गुणपत्रके, नेट किंवा गेटचे प्रमाणपत्र. अडते ते पुढच्या गोष्टींवर.

पहिली गोष्ट नेटची. २०२४ पासून नेटचा निकाल तीन गटांत लागतो: जेआरएफसह, सहायक प्राध्यापक व पीएच.डी. प्रवेश, आणि फक्त पीएच.डी. प्रवेश. जाहिराती मात्र अजून ‘नेट (लेक्चररशिपसह)’ असेच लिहितात; लेक्चररशिप म्हणजे सहायक प्राध्यापकपदाची पात्रता, ती तिसऱ्या गटाला नसते. तुम्ही तिसऱ्या गटात असाल तर ‘नेट उत्तीर्ण’ एवढेच लिहून पाठवू नका. प्रकल्पप्रमुखांना आधी ईमेल करून विचारा आणि उत्तर जपून ठेवा. पीएच.डी. प्रवेशासाठी दुसऱ्या-तिसऱ्या गटाचे गुण एकच वर्ष चालतात, हेही ध्यानात असू द्या.

सर्वांत जास्त मनस्ताप सीजीपीएचा, म्हणजे सर्व सत्रांच्या श्रेणीगुणांच्या सरासरीचा. टक्केवारीच्या रकान्यात सीजीपीएला दहाने गुणून आकडा भरतात, आणि छाननीत तो विद्यापीठाच्या सूत्राशी जुळत नाही. सूत्र बहुधा गुणपत्रकाच्या मागे असते. नसेल तर परीक्षा विभागाकडून रूपांतराचे पत्र घ्या. ते वेळेत मिळेल असे धरून बसू नका. हे सूत्र प्रत्येक गुणपत्रकावरच छापले असते तर मुलांची ही धावपळ वाचली असती. इतक्या वर्षांत तेवढेही होऊ नये याचा राग येतो.

वयाची सवलत मागणाऱ्यांनी दाखला नीट पाहावा. केंद्राच्या निधीतल्या प्रकल्पाला बहुतेकदा केंद्राच्या नमुन्यातला ओबीसी नॉन-क्रीमीलेयर दाखला लागतो, राज्याचा चालत नाही. विमुक्त जाती, भटक्या जमाती, विशेष मागास प्रवर्ग हे राज्याचे गट आहेत. तुमची जात केंद्राच्या ओबीसी यादीत आहे का ते आधी तपासा. राज्याचा एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) प्रवर्ग केंद्रात नाही. आणि ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल घटक) दाखल्यावर वयाची सवलत मिळेलच असे मानू नका.

शेवटची तारीख वाचताना शब्द पाहा. ‘अर्ज पोहोचण्याची’ असे असेल तर त्या दिवशी स्पीड पोस्ट करून उपयोग नाही. एम.एस्सी.चा निकालही त्याच तारखेपर्यंत हातात हवा. मुलाखतीपर्यंत येईल, हे उत्तर समिती ऐकत नाही.

सारथी, बार्टी किंवा महाज्योती या राज्याच्या संस्थांची अधिछात्रवृत्ती (फेलोशिप) आधीच घेत असाल तर रुजू होण्यापूर्वी त्या संस्थेला लेखी कळवा. एकाच काळात दोन विद्यावेतने घेता येत नाहीत, तसे हमीपत्र तुम्ही दिलेले असते, आणि नंतर उघड झाले तर रक्कम परत भरावी लागते.