अंग सैल सोडलं की स्वप्न ताब्यात येतं?

रात्री अंथरुणावर पडून पायाच्या बोटांपासून कपाळापर्यंत एकेक स्नायू सैल सोडला, की ‘हे स्वप्न आहे’ असं भान असलेलं स्वप्न हमखास पडतं, हा समज बरीच वर्षं फिरतोय. तसं होत नाही. त्यानं फार तर झोप लवकर लागते, आणि सुरुवातीची झोप गाढ असते. स्वप्नांची मुख्य झोप, म्हणजे रेम, साधारण ९० मिनिटांनी येते आणि पहाटेकडे लांबत जाते. १९७५मध्ये इंग्लंडच्या हल विद्यापीठात संशोधक कीथ हर्न यांनी असं भान असलेल्या स्वप्नाची खूण नोंदवली: झोपलेल्या ॲलन वर्स्ली यांनी स्वप्नातून, आधी ठरल्याप्रमाणे केलेल्या डोळ्यांच्या हालचाली. त्याही रेममध्येच. म्हणून शिथिलीकरण करायचंच तर पाचेक तास झोपून उठावं, थोडं जागं राहावं आणि मग ‘स्वप्न ओळखायचं’ असं घोकत करावं. तरीही खात्री नाहीच. शिवाय हा खटाटोप सुट्टीच्या आदल्या रात्रीच बरा. मोडलेली झोप दिवसभर छळते.