अ‍ॅमेझॉन आणि २० टक्के ऑक्सिजन

‘जगातला २० टक्के ऑक्सिजन एकटं अ‍ॅमेझॉनचं जंगल देतं, ते संपलं की पुढच्या पिढ्या गुदमरणार,’ हा फॉरवर्ड वर्षानुवर्षं फिरतोय. हेतू चांगलाच, पण त्यात हिशेबाची फक्त जमेची बाजू येते. झाडं उजेडात ऑक्सिजन सोडतात आणि रात्रंदिवस श्वसनासाठी वापरतातही. उरलेला जवळजवळ सगळा पानं-लाकडं कुजवणाऱ्या बुरशी-जिवाणूंना लागतो. शिल्लक शून्याच्या आसपास.

पडताळायचं तर कुठल्याही जुन्या झाडाखालचा पालापाचोळा उकरून बघा. वर अखंड पान, खाली नुसती शिरांची जाळी, त्याखाली काळी माती. हे कुजणं बहुतांशी ऑक्सिजनवरच चालतं.

हवेत २१ टक्के ऑक्सिजन आहे; हा साठा कोट्यवधी वर्षांत जमलाय. तो असा चटकन संपत नाही. जंगलतोडीचा खरा फटका पावसाला, तिथल्या जीवांना आणि खोडांतला कार्बन हवेत गेल्यामुळे तापमानाला बसतो.